म्हाताऱ्या इंजिनात दम भरताना

पहिली चूक मी पाना हातात घेण्याआधीच केली होती. आधी सामान मागवलं आणि इंजिन नंतर तपासलं.

गाडी १९८८ सालची पिकअप. टोयोटाचं २२आर इंजिन, चार सिलिंडर, २३६६ सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८९ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, वर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि तो फिरवायला साखळी. हे इंजिन ज्यांनी वापरलंय त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असतो. पळायला सांगाल तर नाराज होतं, ओढायला सांगाल तर दिवसभर ओढतं. नवं असताना ४८०० आरपीएमला साधारण ९७ अश्वशक्ती आणि २८०० ला १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. आजच्या हिशेबाने हे आकडे फार नाहीत, पण माझ्याकडे तेवढेही उरले नव्हते. नाव पिकअप आणि गाडीला पिकअपच नाही, हा विनोद ओळखीतल्या प्रत्येकाने एकदा तरी करून झाला होता.

एक गोष्ट मात्र बरी केली. काहीही उघडण्याआधी मोजमाप ठरवलं. एक ठरावीक चढ, तिसरा गिअर, ताशी ४० वरून ७० ला जायला लागणारे सेकंद. शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात स्टॉपवॉच. वेग फोनच्या जीपीएसवर बघायचा, कारण स्पीडोमीटर खोटं बोलत होता. खरे ७० झाले की काटा ६४ वर असायचा. जुनी गाडी, काटा चुकायचाच, असं म्हणून मी ते सोडून दिलं. त्या सहा आकड्यांच्या फरकात काय दडलंय हे कळायला पुढचे आठ महिने गेले.

पहिली वेळ आली साडेसतरा सेकंद.

मग मागवलेलं सामान चढवलं. वेबर ३२/३६ कार्ब्युरेटर, आणि बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी नळ्यांचा हेडर. वेबरचा हा प्रकार दोन घशांचा. ३२ मिमीचा आधी उघडतो आणि पाय दाबत गेलं की ३६ मिमीचा मागून येतो. मूळ कार्ब्युरेटरवर व्हॅक्युमच्या नळ्यांचं एवढं जाळं होतं की कुठली कुठून निघते हे गाडी बनवणारेही विसरले असतील. ते सगळं निघालं आणि इंजिनाभोवती हात घालायला जागा झाली. (ब्लॉकमधली वाफ परत ओढून घेणारी पीसीव्हीची नळी मात्र काढायची नाही. आणि धुराचे नियम कडक असतील तर मूळ कार्ब्युरेटर काढण्यापूर्वी ते वाचायचे.) आवाज भारदस्त झाला. मला वाटलं गाडी उडतेय. स्टॉपवॉच म्हणालं सतरा.

अर्धा सेकंद! तोही मित्राच्या अंगठ्याचा असू शकतो.

हेडर चढवताना ज्यांच्याकडून वेल्डिंग करून घेतलं होतं, त्या काकांकडे तोंड पाडून गेलो. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही.

"कम्प्रेशन बघितलंस?"

"नाही बघितलं."

"मग कसली गाडी बनवतोयस? आजारी माणसाला नवे बूट घातलेस तू."

कम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब. तो मोजायचं गेज लावायला अर्धा तास लागतो. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारायचा. थ्रॉटल बंद ठेवला तर हवाच आत जात नाही आणि आकडे उगीच कमी येतात. या इंजिनाला १७१ पीएसआय प्रमाण मानतात आणि १४२ ही शेवटची मर्यादा. माझे आकडे १५०, १४८, ११८, १४५. तिसरं सिलिंडर आजारी आणि बाकीची तीन म्हातारी. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर ११८ चे १२४ झाले. ऑइलने आकडा उसळला असता तर रिंगांमधून गळती म्हणता आली असती. नाही उसळला, म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून.

कारण फीलरने सांगितलं, म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्हला दाबणारा भाग) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट मोजणाऱ्या पातळ पानांनी. गरम इंजिनावर एक्झॉस्टला ०.३० मिमी आणि इनटेकला ०.२० मिमी फट हवी. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फीलरचं सगळ्यात पातळ पानही जात नव्हतं. टॅपेट वाजला की सगळे धावतात, पण वाजणारा टॅपेट बिचारा निरुपद्रवी असतो. जो घट्ट झालाय तो आवाज न करता व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य रस्ता म्हणजे सीट, बंद होताना तो टेकतो ती कड. फटच उरली नाही की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, थंड होत नाही, आणि एक दिवस कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा जळून जातो. माझं इंजिन किती छान गप्प चालतं असं मी दोन वर्षं कौतुकाने सांगत होतो.

हेड काढायचं ठरलं. दहाही बोल्ट काढले आणि हेड हलेना. रबरी हातोडा मारला, लाकडी ठोकळा लावून मारला, पहार हातात घेतली, आणि सुदैवाने खाली ठेवली. या इंजिनात पुढच्या बाजूला, साखळीच्या पोकळीत, डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरखाली एक लहान बोल्ट असतो. तो हेडला टायमिंग कव्हरशी बांधतो. बहुतेक वेळा तो तिथे साचलेल्या ऑइलखाली बुडालेला असतो, त्यामुळे दिसतच नाही. चिंधीने ऑइल टिपलं आणि स्वारी प्रकट झाली. पहार घातली असती तर हेडचा पृष्ठभाग आणि कव्हर दोन्ही गेलं असतं.

हेड निघालं आणि मग खरं दुखणं दिसलं. साखळीला दोन बाजूंनी आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीचं प्लॅस्टिक तुटून खाली संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडलं होतं. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद पुढून खळखळ येते हे मला माहीत होतं. गरम झालं की जाते म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. आधार गेलेली साखळी टायमिंग कव्हरला आतून घासत होती. ॲल्युमिनियममध्ये बोट फिरवलं तर चांगली खोल चर लागली. त्या भिंतीच्या पलीकडे कूलंट असतं. अजून काही हजार किलोमीटर गेले असते तर पाणी ऑइलमध्ये मिसळलं असतं, आणि पांढरट फेसाळ ऑइलवर बेअरिंगं किती दिवस काढतात हे सांगायला नको. कव्हर नवं घेतलं, साखळी, स्प्रॉकेट आणि टेन्शनर नवे, आणि आधारपट्ट्या धातूच्या पाठीवाल्या.

आता एवढं उघडलंच आहे तर खालचंही करू, हे वाक्य प्रत्येक प्रकल्पात एकदा येतं आणि तिथून परतीचा रस्ता नसतो. ब्लॉक बाहेर आला. बोअरला वर हलकी कड लागत होती, म्हणून अर्धा मिमी ओव्हरसाइझ पिस्टनवर रिबोअर करायचं, म्हणजे सिलिंडर तेवढं मोठं कापायचं ठरलं. मित्राचा चेहरा खुलला: "म्हणजे सीसी वाढणार!" कागदावर गणित मांडलं. ९२ चे ९२.५ केले की २३६६ चे होतात २३९२. सव्वीस सीसी. पूर्ण एक मिमी घेतला असता तरी २४१८. रिबोअर केल्यावर इंजिन ताकदवान वाटतं ते रिंगा नीट बसतात आणि गळती थांबते म्हणून. भोक मोठं झालं म्हणून नव्हे. बोअरिंगनंतर होनिंगच्या तिरक्या रेघा, प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजणं, क्रँकची जर्नल मायक्रोमीटरने तपासणं, यात दोन शनिवार-रविवार गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं काम होतं आणि ते तसंच व्हायला हवं.

हेडवर मात्र मी रमलो.

सरळ पट्टी ठेवून पाहिलं तर बाक ०.१२ मिमी. मर्यादा ०.१५ ची, म्हणजे चाललं असतं, पण कम्प्रेशन जरा वाढवायचं होतंच. पाव मिमी फेसिंग करून घेतलं, म्हणजे पृष्ठभाग तेवढा घासून सपाट केला. इथे एक गोम आहे. कॅमशाफ्ट हेडवर बसतो. हेडची उंची कमी झाली की क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होतं, साखळी तेवढीच राहते, आणि कॅम किंचित मागे पडतो. पाव मिमीला हा फरक क्रँकवर अर्ध्या अंशाच्या आसपास असतो, सोडून देता येतो. एक मिमी घासून आणलं असतं तर सोडता आला नसता. काचेची चकती ठेवून बुरेटने प्रत्येक चेंबरमध्ये द्रव सोडला आणि चारींचं आकारमान मोजलं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान चेंबरमध्ये दीड सीसीचा फरक निघाला. लहान असलेल्या दोन चेंबर्समध्ये व्हॉल्व्हच्या कडेला थोडं घासून तो मिटवला. सगळा हिशेब करून कम्प्रेशन रेशो साडेनऊच्या जरा वर आला. मूळचा नऊच्या थोडा वर होता.

पोर्टिंग, म्हणजे हेडमधले हवेचे मार्ग घासणं, म्हटलं की लोक नळ्या मोठ्या करत सुटतात. काकांनी मला आधीच दम दिला होता: "मोठं करायचं नाही. अडथळा काढायचा." अडथळा कुठे असतो? व्हॉल्व्हच्या मागे, जिथे हवा वळते तिथे. गाइडचा उंचवटा, सीट बसवताना राहिलेली पायरी, ओतकामाची शिवण. तेवढंच घासलं. पोर्टचं तोंड मोठं केलं की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, आणि मला तर कमी आरपीएमलाच दम हवा होता. इनटेकची बाजू आरशासारखी चमकवायचा मोहही आवरला. कार्ब्युरेटरच्या इंजिनात भिंतीला चिकटलेलं पेट्रोल परत हवेत उचललं जायला थोडा खरबरीतपणा बरा. एक्झॉस्ट चमकवला, तिथे काजळी कमी धरते. सीट तीन कोनांत कापून घेतल्या, ३०, ४५, ६०, आणि लॅपिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह हाताने फिरवत बसलो. त्या घरघरीचा आवाज बदलतो. आधी वाळू, मग पीठ. पीठ झालं की थांबायचं.

कॅमशाफ्ट निवडताना पुन्हा हाव आडवी आली. कॅटलॉगमध्ये २९० अंशांचा कॅम दिसत होता, वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटत होतं. पण व्हॉल्व्ह जेवढा वेळ उघडा ठेवाल तेवढी ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खाली खड्डा पडतो. मी हे इंजिन ४५०० च्या वर क्वचित नेतो. म्हणून २६० च्या आसपासचा साधा, टॉर्कसाठीचा कॅम घेतला. रॉकर आर्मची (कॅमची ढकल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची) घासली जाणारी टोकं तपासली. दोघांवर खड्डे होते, ते बदलले. नव्या कॅमला झिजलेले रॉकर लावणं म्हणजे नवं लाकूड जुन्या करवतीखाली देणं.

जुळणी करताना हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी ७८ न्यूटन-मीटर. ऑइल पंपाच्या पोकळीत व्हॅसलिन भरली, म्हणजे पहिल्या फेऱ्यांतच तो ऑइल खेचतो. प्लग काढून, कॉइल सोडून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत स्टार्टर मारला. मग प्लग लावले आणि सुरू केलं ते सरळ २००० आरपीएमवर, वीस मिनिटं, आरपीएम जरा वरखाली करत. नव्या कॅमला आणि रॉकरला एकमेकांवर बसायला एवढा वेळ आणि जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल लागतं. त्या वीस मिनिटांत मी आयुष्यात जेवढं कान देऊन ऐकलं तेवढं परीक्षेच्या निकालालाही ऐकलं नव्हतं.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर त्याच चढावर साडेबारा सेकंद. कम्प्रेशन चारही सिलिंडरना १७५ च्या अल्याडपल्याड.

यानंतरचे तीन महिने ट्यूनिंगचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एक माणूस रोज तोच स्क्रू फिरवतोय. वेबरचा एक नियम पाठ ठेवावा. मिक्श्चर स्क्रू पूर्ण बंद करून उघडत गेलं की साधारण दीड फेऱ्यांवर आयडलिंग सगळ्यात चांगलं लागायला हवं. दोनच्या वर जावं लागलं तर आयडल जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) लहान आहे, एकच्या आत लागलं तर मोठा. माझ्याकडे स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला काही फरकच पडत नव्हता. जेट बदलले, फ्लोट मोजला, दोन रविवार वाया घालवले. शेवटी कार्ब्युरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला आणि आरपीएम एकदम चढला. ॲडॅप्टर प्लेटचे नट थरथरीने सैल झाले होते आणि तिथून हवा आत जात होती. बसवताना त्यांना थ्रेडलॉक (आटे पक्के करणारा डिंक) लावायचं माझंच राहिलं होतं.

ते घट्ट केल्यावर सगळं माझं ऐकू लागलं. एक्झॉस्टमध्ये बोल्टएवढी बॉस (आट्यांची बैठक) वेल्ड करून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बसवला. प्लगचा रंग बघून मिश्रण ओळखणारे जुने लोक मला आदरणीय आहेत, पण मी त्यांच्यातला नाही. पेट्रोलला १४.७ ला १ हे हिशेबी प्रमाण. पूर्ण ओढीवर साडेबारा ते तेरा हवं, नाहीतर पिस्टन तापतात. माझा आकडा पूर्ण ओढीवर १३.८ दाखवत होता. मुख्य जेट १४० वरून १४५ केला. हे आकडे मिमीच्या शंभराव्या भागात असतात, म्हणजे भोक १.४० वरून १.४५ मिमी. दिसायला काहीच नाही, पण आकडा १२.९ वर आला. दुसरा घसा उघडताना येणारा झटका ॲक्सिलरेटर पंपाचा जेट बदलल्यावर गेला.

टायमिंगमध्ये, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते त्यात, मी पुन्हा हावरटपणा केला. आयडलला १२ अंश ठेवले तर गाडी चुणचुणीत वाटायची. मग एका दुपारी मागे माल भरून चढावर चौथ्यात पाय दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. नॉकिंग. पाय लगेच काढला. वाढलेलं कम्प्रेशन, तापलेलं इंजिन, कमी आरपीएम, जास्त ओझं: सगळं जुळून आलं होतं. आयडलला ८ वर आलो, ३००० ला सगळं मिळून ३२. रिकाम्या गाडीत चुणचुणीतपणा थोडा गेला, खडे कायमचे गेले.

स्टॉपवॉच: साडेदहा.

मी खूश होतो. काका नव्हते. त्यांनी गाडी एकदा चालवली, परत आले, उतरले आणि चाकाकडे बघत राहिले.

"टायर कुठले होते हिला मुळात?"

टायर आधीच्या मालकाने बदललेले होते. मूळचे २२५/७५ आर १५, म्हणजे व्यास साधारण ७१८ मिमी. त्याने चढवले होते ३१ इंची, ७८७ मिमी. जवळपास साडेनऊ टक्के मोठे. स्पीडोमीटर खरे ७० असताना ६४ दाखवत होता, तो या हिशेबाने बरोबर तेवढंच दाखवायला हवा होता. तो खोटं बोलत नव्हता, आठ महिने तेच एक सांगत होता. डिफरन्शियलचा (ॲक्सलवरच्या गिअरपेटीचा) ४.१० चा रेशो या टायरवर ३.७४ सारखा वागत होता, म्हणजे इंजिनाला कायम अर्धा गिअर वर ओढावं लागत होतं. पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलमध्ये ४.५६ चे क्राउन-पिनियन बसवले. दोन्ही सारखे हवेत, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर चाकं एकमेकांशी भांडतात. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांचा ठसा जुळवणं माझ्या हातचं नव्हतं, ते काकांनी केलं आणि मी रंग लावायला ब्रश धरून उभा राहिलो.

इंजिनाला हात न लावता साडेदहाचे साडेनऊ झाले.

मित्र आता टर्बोचं बोलतोय. मी ग्लोव्ह बॉक्समधला कागद त्याला दाखवला. आतापर्यंतच्या सगळ्या सेटिंग्ज त्यावर आहेत, खाडाखोड करून: मुख्य जेट १४५, टायमिंग ८, टॅपेट ०.२० आणि ०.३०, टायरची हवा. सगळ्यात खाली, काकांच्या अक्षरात, पुढची टॅपेट तपासणी किती किलोमीटरला करायची तो आकडा आहे. तो मागच्या आठवड्यात उलटून गेला. रविवारी व्हॉल्व्ह कव्हर उघडायचंय.